घर खाडीच्या कोणत्या काठावर?

एका सहा वर्षांच्या मुलीचं घर नक्की कुठे आहे, एवढंच मला शोधायचं होतं. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, खून पुष्कळ पाहिले. पण मनात घर करून बसलं ते हेच प्रकरण, कारण उत्तर सापडलं तरी गोंधळ काही मिटला नाही.

निवृत्तीला वर्ष उरलं होतं. शिक्षण खात्याचं पत्र आमच्या पोलीस ठाण्यात आलं. शिक्षण हक्काच्या राखीव जागांच्या सोडतीत मार्वे बाजूच्या एका शाळेत या मुलीचा पहिलीला नंबर लागला होता. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी जागा मिळते. वडिलांनी मार्वे जेट्टीजवळच्या एका खोलीचा भाडेकरार अर्जाला जोडला होता. मग निनावी पत्र आलं, 'हे लोक त्या खोलीत राहत नाहीत, खाडीपलीकडे मनोरीला राहतात.' पडताळणी समितीने प्रवेश नाकारला. वडिलांनी अपील केलं. सुनावणी आठ दिवसांवर होती आणि त्याआधी आमचा चौकशी अहवाल हवा होता. पत्ता बोगस ठरला तर मुलीची जागा जाणार आणि बापावर गुन्हा दाखल होणार.

माझी डायरीची एक सवय आहे. डाव्या पानावर कळलेलं, उजव्या पानावर न कळलेलं. चौकशी पुढे सरकते तशा उजव्या पानावरच्या ओळी खोडल्या जायला हव्यात. इथे त्या वाढत गेल्या.

पहिल्या दिवशी मी आणि आमच्या एक महिला हवालदार खोलीवर गेलो. कुलूप होतं. मालकीणबाई किल्ली घेऊन आल्या.

"राहतात की. करार केलाय, सह्या माझ्याच हायेत."

"रोज राहतात?"

"रोज येतात."

आत जाळी, दोन क्रेट, एक स्टोव्ह. अंथरूण नाही. शेजाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "सकाळी दिसतो, दुपारी दिसतो. रात्रीचं कसं सांगू साहेब, मी झोपलेला असतो ना."

कराराची नोंदणी तपासली. अस्सल निघाली. मनोरीला फोन करून गावच्या पोलीस पाटलांना विचारलं, तर त्यांचंही उत्तर, "राहतात की."

"सर, वाट लागली," हवालदार बाई म्हणाल्या. "दोन्हीकडे हो म्हणतायत."

तिसऱ्या दिवशी वडिलांना ठाण्यात बोलावलं. चाळिशीचा मच्छीमार, खुर्चीच्या कडेवर बसलेला.

"कुठे राहतोस?"

"मनोरीला."

पहिल्याच प्रश्नाला कबुली. पोलिसाला आनंद व्हायचा, तर मी बुचकळ्यात पडलो. "मग ही खोली?"

"ती पण आमचीच. मासळी इथे उतरते ना साहेब. जाळी ठेवतो, जेवतो. पोरीची आई टोपली घेऊन इथेच बसते."

"अर्जात मनोरीचं घर का नाही दाखवलं?"

"फॉर्म भरणारा बोलला, मनोरी लांब पडते, नंबर लागणार नाय."

"किती लांब?"

"तरीत बसलं की पाच मिनटं." 'तर' म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट.

"किलोमीटर किती?"

"पाण्यावर किलोमीटरचे दगड लावलेत काय, साहेब?"

हवालदार बाईंनी हसू दाबलं.

फॉर्म भरणाऱ्याचं मालाडला सायबर कॅफे होतं. तो जराही घाबरला नाही. "मनोरी म्हणजे भाईंदरचा वळसा, साहेब. तिसाच्या वर किलोमीटर. मी तर त्याचं भलंच केलं."

"तरीत कधी बसलायस?"

"नाही. मला पाण्याची भीती वाटते."

पाचव्या दिवशी मी मनोरीला गेलो. ओटा असलेलं बैठं घर, समोर क्रूस, अंगणात वाळत घातलेली सुकट. मुलीच्या आईने चहा दिला. मी ओट्यावर बसून पंचनामा लिहीत होतो, तेवढ्यात वाऱ्यावर घंटा ऐकू आली.

"ही कुठली?"

मुलगी म्हणाली, "माझ्या शाळेची. डब्याची घंटा."

"रोज ऐकू येते?"

"वारा असला की येते," आई म्हणाली. "घंटा झाली की ही पण डबा उघडून बसते. घरात बसून डबा."

पेन तसंच हातात राहिलं. मोबाइलवर नकाशा काढला आणि ओट्यापासून शाळेपर्यंत सरळ रेघ ओढली. एक किलोमीटरच्या आत. शिक्षण खात्यात फोन लावला. अर्जातलं अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेतच मोजतात, असं उत्तर मिळालं.

परतताना हवालदार बाईंनी विचारलं, "सर, म्हणजे खरा पत्ता दिला असता तरी चाललं असतं?"

"चाललं असतं."

"मग खोटा कशाला दिला?"

हा प्रश्न मी उजव्या पानावर लिहिला.

अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. कुटुंब त्या खोलीत राहत नाही. राहतं घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत आहे. सुनावणीला अधिकाऱ्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. निर्णय असा झाला: करार अस्सल आहे, गुन्ह्याची गरज नाही. पण जागा मिळाली ती खोलीच्या पत्त्यावर, आणि भरलेला अर्ज आता बदलता येत नाही. अपील फेटाळलं.

बाहेर आल्यावर वडिलांनी मला विचारलं, "साहेब, खोली पण जवळ, घर पण जवळ. मग आमी लांबचे कसे झालो?"

निनावी पत्र कोणी लिहिलं हे मी शोधलं नाही, त्यातला शब्द न् शब्द खरा होता. माझा अहवालही खरा होता, आणि त्यानेच मुलीची जागा गेली. तिथून पुढे नोकरीच्या उरलेल्या महिन्यांत मी चौकशीची पद्धत बदलली. 'खोटं का बोललास?' हे नंतर. खरं बोलून याचं काय अडलं असतं, ते आधी तपासायचं. बहुतेक वेळा काहीच अडलं नसतं, फक्त तसं त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मागे एकदा मार्वे जेट्टीवर मुलीची आई टोपली घेऊन बसलेली दिसली. मुलगी कशी आहे, विचारलं.

"गावातल्या पालिकेच्या शाळेत जाते. हुशार हाय, पण बाई ओरडतात तिला."

"का?"

"इकडची घंटा ऐकली की तिकडे वर्गात डबा उघडते."