मोठीमायचा अळणी उपास

मोठीमायनं वेचलेल्या बोंडात कापसाचा एक तंतू सापडायचा नाही. माझ्या आईची ही थोरली बहीण बाभुळगावजवळ बायकांची वेचणीची टोळी चालवायची. कापसाचे दिवस वाईट आले, कुणी सोयाबीनकडे वळलं, कुणी शेत पडीत ठेवलं. हिनं टोळी मोडू दिली नाही. घाईत बोंड सोडून कुणी पुढं सरकली की मागून आवाज यायचा, "मांगं पाह्य माय. अर्धं काम करून कुठं चालली?"

उपासाचंही तसंच. तिचा सोमवार अळणी. "मीठ पोटात गेलं का उपास गेला." आम्ही साबुदाण्यावर ताव मारायचो आणि ती नुसतं उकडलेलं रताळं खात आमच्याकडं दयेनं पाहायची.

शौचातून रक्त जाऊ लागलं म्हणून मी तिला यवतमाळला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं तपासायचं ठरवलं. आदल्या दिवशी जेवण बंद, पोट साफ करायचं औषध, आणि सोबत मीठ-साखरेचं पाणी पीत राहायचं, असं बजावलं. मोठीमायनं मान डोलावली. पण जेवण बंद म्हणजे तिच्या लेखी उपासच. औषध तिनं थेंबही न ठेवता घेतलं, वर तांब्यामागून तांब्या साधं पाणी प्यायली. मिठाच्या पाण्याला मात्र शिवली नाही.

सकाळी ऑटोत ती मला आईच्या नावानं हाक मारू लागली. मग तिला झटका आला. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. तपासणी राहिली बाजूला, सलाईन सुरू झालं. मी दवाखान्याच्या बाकावर बसून देवाशी भांडले. तुझाच उपास केला ना रे तिनं?

ती शुद्धीवर आली तेव्हा आई रडत म्हणाली, "आता नको ते तपासणी, बाई."

"काहून नको? रक्त कुठून येऊन राह्यलं ते समजलं काय? मी अर्धं काम टाकून घरी येत नाई."

पुढच्या वेळी डॉक्टरांनी तिला दाखल करूनच तयारी केली. मी मिठाच्या पाण्याचा पेला पुढं धरला. तिनं हात जोडले. "देवा, आज उपास नाई, काम हाये." आणि तोंड वाकडं करत पेला रिकामा केला. आतड्यात गाठ निघाली, वेळेवर काढता आली. त्यानंतर कितीतरी हंगाम ती वेचणीला गेली.

आता ती नाही. हे दुखणं घराण्यात आहे म्हणून परवा माझीही तपासणी झाली. आदल्या दिवशी खारट पाण्यानं जीव नकोसा झाला, तळाशी उरलेलं मोरीत ओतायला उठले.

मांगं पाह्य माय.

उभ्यानंच पिऊन टाकलं.