भटूआप्पांची आकडापेटी

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते एका यंत्राला आईबहिणीवरून शिव्या देत होते. लग्नाची हळद अजून अंगावर होती. चहाचा कप घेऊन मी गोठ्याच्या दारात उभी राहिले, तर आतून एक पक्कड भिरभिरत आली आणि चौकटीवर आदळून माझ्या पायाशी पडली. नेम माझ्यावर नव्हता. माझा नवरा दीपक माझ्यापुढे उभा होता आणि तो सवयीनं खाली वाकला होता. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, कप घेतला, एका घोटात संपवला आणि पुन्हा शिव्यांकडे वळले.

गाव तळोद्याच्या अलीकडचं. घरची केळी, पपई, मिरची. आप्पा तरुणपणी सुरतेत एका कारखान्यात मिलिंगवर, म्हणजे लोखंड कोरून घडवणाऱ्या मशीनवर होते. वडील गेल्यावर शेतीसाठी परत आले, पण मन लोखंडातच राहिलं. बैल विकले तेव्हा रिकाम्या गोठ्यात त्यांनी सुरतच्या भंगार बाजारातून आणलेलं जुनं मिलिंग मशीन बसवलं. धंदा म्हणून नव्हे, हौस म्हणून. गावातल्या कुणाचा पंप, कुणाची मळणी अडली की तेवढं काम करून द्यायचे. पुढे त्यांनी मशीनला डिजिटल रीडआउट लावला. ज्यावर लोखंड बांधतात ते मशीनचं टेबल किती सरकलं, किती वर आलं, हे लाल आकड्यांत दाखवणारी पेटी ती. आप्पा तिला आकडापेटी म्हणत, आणि तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

काम हाती घेण्याआधी ते रोज तिची तपासणी करत. सुईचं घड्याळ असतं तसं एक मापाचं घड्याळ, त्याला डायल म्हणतात, ते टेबलाला टेकवायचं, दोन्हीकडे शून्य करायचं आणि हँडल फिरवायचं. सुई जितकं दाखवील तितकंच पेटीनं दाखवायला हवं. मग उलटं फिरवून परत शून्यावर यायचं. "जातांना बठ्ठा खरं बोलतस," ते म्हणत, "परत येतांना धरनं पडस." खोटं पकडायचं ते परतीच्या वाटेवर, असं त्यांचं म्हणणं. एखाद्या दिवशी केसभर फरक आला तरी गोठ्यातून आवाज येई, आणि कोंबड्या अंगण सोडून जात.

सुई आणि आकडा एकाच वेळी वाचायला दोन माणसं लागतात. आकडे वाचायचं काम आधी दीपकचं होतं. एकदा त्यानं चुकीचं वाचलं म्हणून आप्पांनी हातातली हातोडी मारली. भुवई फाटली. टाके पडले. मी तेव्हा सहा-सात महिन्यांची सून. मी ओरडले, "माणूस आहात की कसाई?" दीपकनं गोठ्यात आकडे वाचणं सोडलं आणि मी आप्पांशी बोलणं सोडलं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात मधे पडणारंही कुणी नव्हतं.

एक दिवस ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. "मीना, तुले आकडा वाचता येस ना?" एवढंच. माफी नाही, विनंती नाही. मी पदर खोचला आणि गेले. का गेले, हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही. रागानंच गेले असेन. पण मी बरोबर वाचत होते आणि त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. चुकून मी घाई केली, तर म्हणत, "हाई पेटी शे, देव नही. देवले बी परत ईचारनं पडस." आणि मी परत वाचायची.

गुलाबभाऊंची मिरची दळायची चक्की फाट्यावर होती. चक्कीचा शाफ्ट, म्हणजे तिचं चाक ज्यावर फिरतं तो लोखंडी दांडा, झिजला, तेव्हा नवा शाफ्ट आप्पांनी करून द्यायचं कबूल केलं. शाफ्टवर चाक घट्ट बसावं म्हणून चावी, म्हणजे लोखंडाची पाचर, ठोकतात, आणि त्या चावीसाठी शाफ्टमध्ये लांबट खाच पाडावी लागते. खाच फार खोल गेली तर शाफ्ट तिथेच कमजोर होतो. सकाळी आम्ही पेटी तपासली. सुई आणि आकडा हातात हात घालून गेले, हातात हात घालून परत आले. आप्पा खूश होते.

दुपारी दीपक गोठ्यात आला. पपईच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं निघालं, वाढलं आणि आप्पांच्या हातून पाना सुटला. दीपक वाकला. पाना मशीनवर कुठेतरी खणकन आपटून खाली पडला. दीपक निघून गेला. मी म्हटलं, "आज राहू द्या." ते म्हणाले, "काम उरकू दे." आणि त्यांनी पेटी परत न तपासता, तिच्याच आकड्यांकडे बघत, खाच पाडली.

ऐन हंगामात चक्की चालू असतानाच शाफ्ट तुटला. मिरची कुटणारे आतले लोखंडी हातोडे पत्रा फाडून बाहेर आले. गुलाबभाऊंचा धाकटा भाऊ कैलास चक्कीच्या तोंडाशी मिरची ढकलत होता. नंदुरबारच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपराखालून काढावा लागला.

ही बातमी आमच्या घरी आली ती गुलाबभाऊंबरोबरच. भर दुपारी ते आणि त्यांचे दोन चुलतभाऊ अंगणात शिरले. गुलाबभाऊंच्या हातात लोखंडी पाइप होता. आप्पा खाटेवरून उठताहेत तोवर पहिला घाव कपाळावर बसला. दीपक धावला, तर दोघांनी त्याचा हात पिरगाळून त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दाबून धरला. मी किंचाळले. शेजारची माणसं कुंपणापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"तुन्हा शाफ्ट तुटी गया!" गुलाबभाऊ ओरडत होते. "मन्हा भाऊना हात गया!"

आप्पा गुडघ्यावर होते. कपाळाचं रक्त दोन्ही डोळ्यांत उतरत होतं. त्यांनी विचारलं, "शाफ्ट आनेल शे का?"

गुलाबभाऊंनी पिशवीतून तुटलेला तुकडा काढून त्यांच्या छातीवर फेकला. आप्पांनी तो चाचपडत उचलला. अंगठा खाचेत घातला. खाचेच्या कोपऱ्यातूनच तो तुटला होता. अंगठा तळाशी पुन्हा पुन्हा फिरला.

"इतली खोल मी करेल नही," ते हळूच म्हणाले.

"मंग कोन करी? तुन्हा बाप उना व्हता का?" पाइप पुन्हा वर गेला.

"थांब. पहिले पेटी देखूत. मंग मार."

त्या शब्दांत काय होतं कुणास ठाऊक. गुलाबभाऊ थांबले. त्यांनीच आप्पांना बखोटीला धरून गोठ्यात ओढत नेलं. चुलतभाऊ दीपकला घेऊन मागून आले. आप्पांनी रक्ताळलेल्या बोटांनी डायल टेबलाला टेकवला. त्यांना दिसत नव्हतं. "गुलाब, तू सुई वाच. मोठा काटा एक चक्कर फिरना की एक म्हन. मीना, तू आकडा."

गुलाबभाऊ खाली डायलवर वाकले. पेटी वर, त्यांच्या पाठीमागे. ती फक्त मला दिसत होती. आणि मला समोर दीपक दिसत होता, भिंतीवर दाबलेला. आप्पांनी हँडल फिरवायला घेतलं. सुई पळू लागली. पेटीतला आकडा शून्यावरच होता. मग सावकाश हलला.

"एक," गुलाबभाऊ म्हणाले.

पेटीवर एक नव्हता. पावाच्या जवळपास काहीतरी होतं. दीपकचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला स्पष्ट कळलं. *एकच सांग.* त्याच्या भुवईवरची ती फाटलेली खूण थरथरत होती, आणि तो बापासाठी डोळ्यांनी माझ्या पाया पडत होता.

"वाच," आप्पा म्हणाले.

मी दीपककडे पाहिलं, मग पुन्हा पेटीकडे.

"मीना. वाच."

"शून्य पॉइंट सत्तावीस," मी म्हटलं.

आप्पांनी हँडल उलटं फिरवलं, परत आणलं, परत नेलं. मी परत वाचलं. तेच. टेबल जितकं सरकत होतं त्याहून पेटी कमी दाखवत होती; म्हणून खाच ठरल्यापेक्षा खोल गेली होती. मग ते मशीनच्या मागे गेले. जिथून पेटीला टेबलाची हालचाल कळते, त्या पट्टीच्या कंगोऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. स्क्रू ढिला होता, आणि पत्र्याला पोचा आला होता. बोट त्या पोच्यात बराच वेळ थांबलं. पाना कुठे आपटला होता, ते घरच्या आम्हा तिघांनाही त्या क्षणी कळलं.

"खाच मन्हा हातनी खोल व्हयनी, गुलाब," आप्पा म्हणाले. "पाना मीच फेका व्हता. पोऱ्याले सोडा."

त्यांनी आपण होऊन उजवा हात मशीनच्या टेबलावर ठेवला की तो आधारासाठी टेकला होता, मला माहीत नाही. गुलाबभाऊंनी पाइप त्याच हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज लाकूड फुटल्यासारखा आला. त्यांनी पुन्हा घातला. पुन्हा. आयुष्यभर लोकांवर वस्तू भिरकावणाऱ्या त्या माणसानं दुसरा हात वर केला नाही. मग गुलाबभाऊंनी पाइप टाकला, गव्हाणीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. चुलतभावांनी त्यांना उठवून नेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "मशीनमा हात सापडना." पोलिसांनाही तेच सांगितलं, हात मशीनमध्ये अडकला म्हणून. दीपक महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

आप्पांचा राग काही गेला नाही. खोटं कशाला सांगू? एकदा जेवणाचं ताटही फेकलं. पण फेकल्यावर ते स्वतःच वाकून भाताची शितं वेचत बसले, मोडक्या हाताच्या दोन ताठ बोटांनी. कैलासकडे जायचे, अधूनमधून. तो त्यांना घरात घेत नसे. एकदा त्यानं डाव्या हातानं तांब्या फेकून मारला. आप्पा ओले होऊन परत आले आणि सदरा वाळत घातला. बाहेरचं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही. मशीनवर करायला काही नसायचं, तरी सकाळी पेटीची तपासणी व्हायची. सुई ते वाचायचे, आकडा मी.

गेल्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. श्वास पुरत नव्हता. एका संध्याकाळी मी त्यांना पेज भरवत होते. धीर करून विचारलं, "आप्पा, त्या दिवशी दीपक समोर होता. आकडा वाचायला मलाच का सांगितलं?"

त्यांनी दम घेतला. "दीपकनी मन्हासाठे खोटं सांगं असतं. त्याले मन्ही माया शे." मग म्हणाले, "तुले मन्हा राग व्हता. म्हनीसन तुले सांगं."

मी चमचा पुन्हा भरला. त्यांनी तोंड उघडलं. दोन दिवसांनी ते गेले. शून्य पॉइंट सत्तावीस म्हणायच्या आधी माझ्याही ओठांवर 'एक'च आला होता, ते मी त्यांना सांगितलं नाही.