झरन्याची पाटी

इंदूरमध्ये कुणालाही पत्ता विचारा, तो तुम्हाला तिथे आता काय आहे ते सांगत नाही; पूर्वी काय होतं ते सांगतो. टॉकीज पडून तिथे मॉल उभा राहिला तरी पत्ता 'टॉकीज के सामने' हाच. पिंपळ तोडून वर्षं लोटली तरी दुकान 'पीपल के नीचे वाला'. बाहेरगावचा माणूस पिंपळ शोधत उन्हात फिरतो आणि आम्हाला त्यात काही चुकलंय असं वाटतही नाही. मीसुद्धा असेच पत्ते सांगते. पण ही सवय एक दिवस माझी बाजू घेऊन उभी राहील, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमचा झरना म्हणजे सिमेंटचा डोंगर. वर पाण्याची टाकी, मागे पंप, आणि संध्याकाळी पंप सुरू केला की डोंगरावरून पाणी खाली हौदात पडायचं. त्यावर हिरवे-लाल दिवे. एवढंच. पण त्या काळी शहरात पाहुणा आला की त्याला झरना दाखवल्याशिवाय कुणी परत पाठवत नसे. पुण्याचे पाहुणे नाक मुरडत यायचे, "हे काय, खोटंच आहे की!" म्हणायचे आणि मग त्याच खोट्या पाण्यापुढे उभे राहून फोटो काढून घ्यायचे.

झरन्याच्या पायथ्याशी कँटीन होतं, ते आईचं. मिल बंद पडली तेव्हा बाबा तिथे क्लार्क होते. ते तोंड पाडून घरी बसले आणि आईने कढई बाहेर काढली. साबुदाण्याची खिचडी, उपास असो की नसो. जिऱ्याची फोडणी, साजूक तूप आणि दाण्याचं कूट हे आमचं. वरून फराळी मिक्चर, लिंबू आणि तिखट मसाला हा इंदूरचा. पुण्याची मावशी ओरडली होती, "अगं, खिचडीवर चिवडा घालतात का कुणी?" आईने शांतपणे ऐकून घेतलं. मावशीने दुसरी बशी मागितली तेव्हा तिने मिक्चर जरा जास्त घातलं.

पंप सुरू झाला की कँटीनचे दिवे मंद व्हायचे. पंपवाला आधी हाक मारायचा, "काकी, छोड़ूँ पानी?" आई हातातली फोडणी उरकून "हओ!" म्हणायची, मग पाणी पडायचं. शाळा सुटली की मी तिथेच बसून अभ्यास करायची. मला वाटायचं, आख्ख्या इंदूरचं पाणी माझ्या आईला विचारून पडतं.

कँटीनला आम्ही कधी नाव दिलं नव्हतं. लोकच म्हणायला लागले, 'झरनेवाली खिचडी'. मग आईने पत्र्याची एक निळी पाटी रंगवून घेतली आणि तेच नाव पांढऱ्या अक्षरांत लिहून टांगलं. आम्ही ठेवलेलं नाव असतं तर बदलायलाही काही वाटलं नसतं. लोकांनी दिलेलं नाव आपण कोण बदलणार?

पुढे व्हायचं तेच झालं. मॉल आले, पंप बिघडला, डोंगरावर शेवाळाची काई चढली. पाणी बंद पडल्यावरही लोक खिचडी खायला येत राहिले, पण पाहुणे यायचे थांबले. शेवटी झरन्याच्या मालकांनी जागा बिल्डरला दिली. वर फ्लॅट, खाली दुकानं. कँटीनच्या बदल्यात आम्हाला तळमजल्यावर एक दुकान, असं ठरलं, आणि तो शब्द बिल्डरने पाळला हे मी प्रामाणिकपणे सांगते.

डोंगर पाडला तेव्हा मी बघायला गेले होते. जुने लोक हळहळत होते, कुणी मोबाइलवर रडकी गाणी लावून व्हिडिओ काढत होतं. खरं सांगू? मला बरं वाटलं. आतून डोंगर पोकळ निघाला; कबुतरांची घरटी, फुटके दिवे आणि कुणाकुणाच्या हरवलेल्या चपला. काई चढलेल्या सिमेंटसाठी गळा काढणाऱ्यांतली मी नाही. तिथे माणसं राहायला येणार होती, रात्री खिडक्यांत दिवे लागणार होते, सकाळी त्यांना भूक लागणार होती. मला आणखी काय हवं होतं?

हवी होती फक्त पाटी.

दुकान मिळालं ते मागच्या कोपऱ्यात, रस्त्यावरून न दिसणारं. मी निळी पाटी घेऊन गेले तर बिल्डरच्या माणसाने अडवलं. सगळ्या दुकानांच्या पाट्या एकसारख्या, काळ्यावर चंदेरी इंग्रजी अक्षरं. मी थेट बिल्डरकडे गेले. तो चाळिशीचा, गोड बोलणारा, चहा पाजून नाही म्हणणारा.

"दीदी, झरना सुनके लोगों को क्या याद आता है? सीलन, काई, मच्छर. ये प्रीमियम प्रोजेक्ट है. आप कुछ भी नाम रख लो, बस झरना मत रखो."

"सेठ, नाम हमने रखा ही नहीं, हम बदलें कैसे?"

"समझो ना, दीदी," तो म्हणाला आणि आणखी एक चहा मागवला. मी चहा प्यायले नाही. तोंडात शिव्या येत होत्या, त्याही गिळल्या.

कॉम्प्लेक्सला त्याने तीन शब्दांचं इंग्रजी नाव दिलं होतं. ते म्हणताना मी अजूनही मध्ये एकदा श्वास घेते. त्याच्या शहरभरच्या सगळ्या प्रोजेक्टची नावं तशीच. शेवटचा एखादा शब्द काय तो वेगळा.

घरी येऊन आईला सांगितलं. आम्ही दोघी छत्रीबागेत राहतो. आई आता ऐंशीच्या पुढे गेली आहे, पण कान तल्लख आणि राग त्याहून तल्लख. ती म्हणाली, "तू चालव दुकान. कूट मी भाजून देते, घरून पाठवते. पण जिथे पाटी नाही तिथे मी पाय ठेवणार नाही."

मला वाटलं, दोन दिवस रुसेल आणि येईल. नाही आली. सकाळी दाणे भाजून, कूट करून, डबा माझ्या हातात द्यायची आणि दार लावून घ्यायची. आयुष्यभर जी बाई माणसांच्या गर्दीत उभी राहिली ती आता दिवसभर खिडकीशी बसून गल्ली बघायची. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. संध्याकाळी मी आले की एकच प्रश्न.

"लागली?"

"नाही, आई."

मग ती उठून देवापाशी दिवा लावायची. मला त्या काळ्या-चंदेरी पाट्या ओरबाडून काढाव्याशा वाटायच्या. दुकानाचं काय, चाललं असतं कसंबसं. पण माझ्या डोळ्यांदेखत माझी आई विझत चालली होती आणि मी रोज तिला 'नाही' म्हणत होते.

दुकानही धड चालत नव्हतंच. जुनी गिऱ्हाइकं फाटकापर्यंत यायची आणि झरनेवाली खिचडी विचारायची. गार्ड नवा, बाहेरगावचा. तो इमानदारीत सांगायचा, "ऐसा कुछ नहीं है यहाँ." माणसं परत जायची. मी गार्डवर तोंड टाकलं, मग वाईट वाटून त्याला खिचडी दिली. त्याचा काय दोष? त्याला जे नाव सांगितलं होतं तेच तो सांगत होता.

अशातच उद्घाटन ठरलं. मधल्या अंगणात मंडप, फुलांच्या माळा, लाल फीत. एक मोठे पाहुणे येणार होते. फ्लॅटमध्ये राहायला आलेली सगळी कुटुंबं नटूनथटून आली होती. मी पैठणी नेसून गेले, कारण वाईट दिवशी चांगली साडी नेसायची ही आमच्या घरची रीत आहे. निळी पाटी दुकानात तुपाच्या डब्यांमागे उभी होती.

मुहूर्त जवळ आला, पाहुण्यांचा पत्ता नाही. भटजी घड्याळ बघायला लागले. मंचावर बिल्डर हातात माईक धरून "बस, पहुँच ही रहे हैं" असं पुन्हा पुन्हा सांगत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने माईक काखेत धरला आणि फोन कानाला लावला. माईक बंद करायचं राहिलं.

मग जे काही झालं ते मंडपाने, रस्त्याने आणि समोरच्या पानवाल्याने शब्दन्‌शब्द ऐकलं.

"हाँ सर... नहीं सर, कॉलेज के लड़के? हॉस्टल? भंवरकुआं?" बिल्डरचा चेहरा पडला. मोबाइलच्या नकाशाने पाहुण्यांची गाडी त्याच्याच दुसऱ्या प्रोजेक्टवर नेली होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तीन शब्दांतले दोन तेच, मग नकाशाचा तरी काय दोष! "नहीं सर, वो नहीं, ये दूसरा वाला..." त्याने इंग्रजी नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, "ड्राइवर को दो, सर." ड्रायव्हरला त्याने तेच नाव एकेक अक्षर तोडून सांगितलं. चौक सांगितला, बँक सांगितली, पेट्रोल पंप सांगितला. घाम पुसला. आणि मग, आईशप्पथ, त्याच्या तोंडातून त्याच्या बालपणासकट बाहेर पडलं:

"अरे भिया, झरना! झरने पे आ जा ना यार! अपना झरना!"

स्पीकरवरून ते रस्त्याच्या पार गेलं. मग मागून कुणीतरी हसलं, आणि सगळा मंडप हसायला लागला. म्हातारे, पोरं, नवऱ्यांच्या दंडावर चापट्या मारणाऱ्या बायका. फोनवर ड्रायव्हर ओरडला तेही माईकने सांगितलं: "तो पेले बोलना था ना, सेठ!"

मी उठले. पैठणीचा पदर खोचला आणि सरळ मंचापाशी गेले.

"सेठ, अब लगा लूँ पाटी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. पण तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. हात जोडून म्हणाला, "लगा लो, दीदी. बड़ी वाली लगाना. मैं भी यहीं खिचड़ी खा के बड़ा हुआ हूँ."

"तर मग इतके दिवस चहा का पाजत होतास?" हे मी मराठीत म्हटलं, म्हणून बरं.

पाहुणे आले तेव्हा मी स्टुलावर उभी होते. उद्घाटनाच्या फोटोत पुढे फीत आहे, कात्री आहे, आणि मागे कोपऱ्यात पैठणी नेसलेली एक बाई हातोडी उगारून उभी आहे. तो फोटो मी फ्रेम करून गल्ल्यामागे लावला आहे. त्या दिवशी मंडपातली अर्धी माणसं माझ्याकडे वळली, पातेलं दोनदा चढवावं लागलं. पुढे रिंग रोडवर कॉम्प्लेक्सचं मोठं होर्डिंग लागलं, त्यात त्या तीन शब्दांच्या खाली हिंदीत लिहिलेलं होतं: 'पुराना झरना'. गार्ड आता फाटकावरूनच हात करून कोपरा दाखवतो.

उद्घाटनाच्या त्या संध्याकाळी घरी गेले. आई खिडकीशी होती.

"लागली?"

"लागली."

ती उठली. दिवा लावला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी तिला न्यायला दुपारी घरी जाणार होते. सकाळच्या गर्दीत होते तेवढ्यात फाटकातून रिक्षा आत शिरली, आणि आतून आई उतरली. एकटी. इस्त्रीचं पातळ, हातात कुटाचा डबा. मी धावत गेले, "अगं, एकटी कशी आलीस? आणि इथे आणलं तरी कसं त्याने? नवीन नाव तर तुला येत नाही!"

आई रिक्षावाल्याकडे बघत होती. मिसरूडही नीट न फुटलेला पोरगा.

"मी म्हटलं, झरने पे चलो," ती म्हणाली. "आणि तो निघाला. विचारलंसुद्धा नाही गं त्याने, कुठे आहे म्हणून."

रिक्षावाला पैसे खिशात घालत वर त्या इमारतीकडे, खिडक्यांकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहत होता.

"माताजी," त्याने विचारलं, "यहाँ सच में पानी गिरता था क्या?"

"हओ," आई म्हणाली. "मेरे को पूछ के गिरता था."

आणि डबा घेऊन ती आपल्या दुकानात शिरली.