दमलेल्या फुप्फुसांची राखण

"दमलेल्याला आधी बसू द्यावं, मग चालायला सांगावं," असं मशीनवाल्या ताई येता-जाता म्हणायच्या. ऑपरेशनच्या खोलीत थांबवलेल्या हृदयांचं काम मशीनवर चालवता चालवता त्यांचे केस पिकले. आता गुडघे कुरकुरत, म्हणून त्या अतिदक्षता विभागात तशाच एका मशीनशेजारी स्टूल टाकून बसत.

तिथं एका नळकाम करणाऱ्याची बायको न्यूमोनियानं निपचित पडली होती. फुप्फुसं इतकी भरलेली, की श्वासाच्या मशीननंही भागेना. मांडीतल्या शिरेतून काळपट रक्त बाहेर यायचं, पंपातून एका डब्यात जायचं, तिथं प्राणवायू घेऊन लालभडक व्हायचं आणि मानेतल्या शिरेतून परत अंगात शिरायचं. ताई अधूनमधून डब्यावर टॉर्च मारून कुठं गुठळी धरलीय का बघायच्या.

"पाईप मला कळतात हो ताई," नळवाला म्हणाला, "पण या पाइपातून माझं घर वाहतंय."

"वाहू द्या. पान्हा तेवढा बाहेर ठेवून येत जा."

एका दुपारी रक्त ओढणारी नळी थरथरली, हिसके मारू लागली. पडद्यावरचा आकडा घसरला. नळवाला धावत पुढं आला.

"मोटर वाढवा, ताई! ओढत नाहीये ती!"

ताईंनी मोटर कमी केली.

"अहो, मारताय की काय तिला?"

"टाकीत पाणी कमी असताना मोटर पळवता का तुम्ही?" ताईंची नजर नळीवरच होती. "जोरात ओढलं तर शिरेची भिंत नळीच्या तोंडाला चिकटते. मग काहीच येत नाही."

तोवर डॉक्टर धावत आले. त्यांनी सलाईन वाढवायला सांगितलं. हळूहळू नळी निवली. नळवाला मात्र मान वर करीना.

"लोकांना हेच सांगत जन्म गेला माझा," तो म्हणाला.

"आपलं माणूस आडवं झालं की अक्कल रजेवर जाते, दादा. आईच्या वेळी मला नाडी सापडत नव्हती."

पुढं फुप्फुसं निवांत पडून सावरली. डॉक्टरांनी डब्यातला प्राणवायू बंद करून पाहिला. नळवाला भिंतीला टेकून उभा. बाईंच्या फुप्फुसांनी भार पेलला, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा हलला नाही. मग नळ्या निघाल्या, दोन दिवसांनी घशातलीही निघाली.

"तुमचे उपकार कुठं फेडू, ताई?"

"डॉक्टर, नर्सा, रक्त देणारे, किती दारं हिंडाल? तिला पाणी पाजा चमच्यानं."

पलीकडच्या खोलीतून हाक आली. ताईंनी टॉर्च खिशात टाकला आणि गुडघ्याला हात लावत निघाल्या.

"कोण हो त्या?" बायकोनं घोगऱ्या आवाजात विचारलं. इतके दिवस ती गुंगीतच होती.

त्यानं उशी उंच करून तिचं डोकं वर धरलं. दार मिटेपर्यंत दोघं ताईंच्या पाठीकडं बघत राहिली.