माझी सही हवी होती

“हे मैदान इथं राहणाऱ्यांसाठी आहे.”

कुत्रा फिरवत आलेला एक माणूस मला म्हणाला. मी बाकावर बसले होते. चार वर्षांची लेक समोर सायकल शिकत होती. मधोमध हिरवळ, भोवती घरं. त्यातलं एक माझं. तीन आठवड्यांपूर्वी किल्ली मिळालेली.

“मी इथंच राहते.”

“कुठल्या घरात?”

मी बोट दाखवलं. त्यानं घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भाड्यानं?”

“विकत घेतलंय.”

“बरं,” म्हणाला आणि कुत्र्याला ओढत निघून गेला. माफी नाही. आणि मी हसले. थँक्यू म्हणाले! कशाबद्दल? त्याच्यापेक्षा जास्त चीड मला त्या थँक्यूची येते.

तो डेक्लन. आमच्या रहिवासी संघटनेचा सेक्रेटरी. मी आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डला हॉस्पिटलात डॉक्टर.

याला सात वर्षं झाली. तेव्हा गोऱ्यांची नसलेली दोन घरं होती, आता नऊ आहेत. केरळची नर्स, नायजेरियन अकाउंटंट, औषधाच्या कारखान्यातला आपला निखिल. काही जुने लोक घरं विकून गेले. जाताना एक बाई शेजारणीला म्हणाली, “एरिया पूर्वीचा राहिला नाही.” मी कुंपणाच्या अलीकडे कपडे वाळत घालत होते. मी तिला दिसत होते.

आम्हाला चालवून घेतलं, कारण आमचे पगार चालण्यासारखे होते. एवढंच.

मग मागच्या शेतात काउन्सिलनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, कमी पगारवाल्यांसाठी घरं बांधायचं ठरवलं. डेक्लन दारात हजर. हातात विरोधाचा अर्ज. सात वर्षांत पहिल्यांदा मला नावानं हाक मारली, तीही चुकीच्या नावानं.

“ट्रॅफिक वाढेल, ड्रेनेजवर ताण येईल. तुमची सही असली तर बरं दिसेल. कुणी आम्हाला रेसिस्ट म्हणणार नाही.”

“खरं कारण काय आहे?”

त्यानं आवाज खाली आणला. “कसली माणसं येतील, तुम्हाला कळतंय. तुमचं सोडा. तुम्ही ग्रँड आहात, चांगल्या आहात, डॉक्टर आहात.”

अर्जावर पहिली सही निखिलची होती.

उद्या देते म्हणून मी कागद ठेवून घेतला आणि निखिलकडे गेले. पहिल्या भेटीत त्यानं माझं आडनाव विचारलं होतं. सांगितल्यावर मूळ गाव विचारलं. त्यानंतर त्याच्या घरच्या गणपतीचं बोलावणं मला कधी आलं नाही.

“ताई, घराची किंमत पडेल,” तो म्हणाला. “आणि आपण कष्टानं इथवर आलोय. ही लोकं फुकटात येणार. संस्कार नाहीत, काही नाही.”

ही लोकं. हे शब्द मी लहानपणी सोलापुरात ऐकले होते.

माझे बाबा महापालिकेत गटारं साफ करायचे. गृहनिर्माण बोर्डाच्या सोडतीत आम्हाला खोली लागली. सामान लावून झालं नव्हतं, तोच सोसायटीच्या चेअरमननी बाबांना बोलावून घेतलं. मी नऊ वर्षांची, बाबांचा हात धरून उभी. खुर्च्या रिकाम्या होत्या. बस कुणी म्हणालं नाही. कागद तयारच होता: आम्हाला ही जागा सोयीची नाही, आम्ही राजीखुशीनं सोडतो.

“ही लोकं इथं शोभत नाहीत,” चेअरमन शेजारच्याला म्हणाले. आमच्यासमोर.

बाबांनी सही केली. उभ्यानंच. पुढं ते त्या रस्त्यानं कधी गेले नाहीत.

आणि आता तसलाच कागद दुसऱ्यांविरुद्ध, आणि सही माझी?

सकाळी डेक्लनच्या दारात गेले. माझी सही नसलेला अर्ज त्याच्या हातात दिला.

“मी सही करणार नाही. ज्यांच्याबद्दल तुम्ही बोलताय, त्यांच्यातलीच मी आहे. मला वेगळं काढू नका.”

“उगाच मनावर घेताय तुम्ही,” तो म्हणाला.

“हो. घेतलंय.”

दुपारपर्यंत वसाहतीच्या ग्रुपमधून मला काढलं. आठवड्याभरात लेकीला वाढदिवसाचं एक आमंत्रण यायचं होतं, ते आलं नाही. ती आता अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते.

“आई, कान्ट यू जस्ट साइन इट?”

तिला समोर बसवलं आणि तिच्या आजोबांच्या त्या सहीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. ती रडली नाही. तिनं विचारलं, “डिड ही वॉन्ट टू साइन?”

“नाही,” मी म्हणाले.

मी काउन्सिलला पत्र लिहिलं. घरं बांधा. खाली पूर्ण नाव, आडनावासकट, आणि पत्ता. निखिलचा मेसेज आला: “ताई, कशाला वाईटपणा घेता?”

सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा आहे. नगरसेवक येणार आहेत. मी ड्यूटी बदलून घेतली आहे. पुढच्या रांगेत बसणार आहे. माईक दिला तर माईकवर बोलेन. नाही दिला तर उभी राहून बोलेन. मधे थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करेन.