तीनशे अकरा दुरुस्त्या

शरयू खांबेटेला चुकीचं इंग्रजी खपत नसे. इंग्रजीत एम.ए. करून ती पुण्याहून न्यूयॉर्कजवळच्या वेस्ट विंडसरला आली आणि पहिल्याच ऑफिसात बोलण्याच्या ओघात 'अवर मदर इज कमिंग' म्हणून गेली. बाकीच्या टायपिस्ट खो खो हसल्या. एकीने विचारलं, "तुम्हा सगळ्यांत मिळून एकच आई का?" त्या दिवसापासून तो 'अवर' शरयूने जिभेवरून खरवडून काढला. एम.ए.चा उपयोग म्हणाल तर एवढाच. पुढची अकरा वर्षं ती दुसऱ्यांचे कागद टाइप करत राहिली.

१९८४ साली स्टेशनजवळच्या ड्राय-क्लीनिंगच्या दुकानाचे मालक, मिस्टर युन, तिच्याकडे एक खोकं घेऊन आले. आत कादंबरी होती. नऊ वर्षं काउंटरमागे बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, इंग्रजीत हाताने लिहिलेली. कोरियातल्या युद्धात सतराव्या वर्षी ते आईला घेऊन दक्षिणेला आले, थोरला भाऊ उत्तरेत राहिला आणि मध्ये काटेरी तारा आल्या, त्याची गोष्ट. महिनाअखेरीपर्यंत टाइप केलेली प्रत आली तर वाचतो, असं न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने कबूल केलं होतं. एक्कावन्न वर्षांच्या धोब्याला अशी संधी दुसऱ्यांदा कोण देणार?

"यात लढाई फारशी नाही हो," शरयू पानं चाळत म्हणाली.

"आमच्याकडचे लेखक तोफा थोड्याच लिहितात," युन म्हणाले. "जेवताना कोणाचं नाव घ्यायचं नाही, ते लिहितात. इथे येऊन लिहिणाऱ्याला तर मुळात कोरिया एकच होता, हेच आधी समजवावं लागतं. गिऱ्हाइकं अजून विचारतात, कुठला, नॉर्थ की साउथ? शर्टाला स्टार्च हवा की नको, तसं."

माणूस शरयूला आवडला. पण इंग्रजी! पानापानावर 'अवर मदर'. आमची आई शिवत होती, आमच्या आईला ताप होता. सांगणारा एकटा आणि आई म्हणे आमची! तिला ते जुनं हसणं आठवलं. या भल्या माणसाला कोणी हसू नये, म्हणून तिने जिथे तिथे 'माय मदर' केलं. मोजून तीनशे अकरा दुरुस्त्या.

"त्यांना विचारलंस का?" तिच्या नवऱ्याने, प्रतापने, विचारलं.

"ग्रॅमर काय विचारून करेक्ट करायचं?"

मुदत दोन दिवसांवर आली होती. तिने प्रत परस्पर पोस्ट केली आणि कार्बन कॉपी युनना नेऊन दिली. उत्तर आल्यावरच वाचीन म्हणून त्यांनी ती काउंटरखाली ठेवली.

दीड महिन्याने उत्तर आलं. लेखन प्रामाणिक आहे, पण थोरल्या भावाला लेखक पहिल्या प्रकरणानंतर विसरलेला दिसतो. शेवटचं वाक्य तर कळलंच नाही. साभार परत.

युन कार्बन कॉपी घेऊन आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शेवटचं पान उघडलं. दक्षिणेतल्या बुसानमध्ये आई वारते. कचेरीतला कारकून विचारतो, मुलगे किती? उत्तरेत भाऊ आहे म्हटलं की पोलिसांचा ससेमिरा मागे लागायचा, म्हणून तो सांगतो, एक. आणि शेवटचं वाक्य: 'दॅट वॉज माय मदर.'

"हा 'माय' फक्त इथे होता," युन म्हणाले. "पुस्तकभर ती आमची होती. भाऊ तेवढ्या एका शब्दात जिवंत होता. मी त्याला शेवटी मारलं. तुम्ही पहिल्याच पानावर मारलंत."

शरयू घाईने म्हणाली, "मी सगळं परत टाइप करते. आजपासूनच."

"ते लोक एकदाच वाचतात." युननी पानं नीट जुळवली. "आमच्यात 'उरी' म्हणतात, म्हणजे 'आमची'. एकुलता एक मुलगाही उरी आईच म्हणतो. इंग्रजीत ते बसत नाही, मला ठाऊक होतं. मी बसवलं होतं." मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

शरयूने मान खाली घातली. "आमची आई."

"एकुलतं एक असलं तरी?"

"तरी."

युननी विचारलं, "मग तुम्ही कशा चुकलात?"

त्यांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. शरयू मात्र कपडे आठ मैलांवरच्या दुकानात टाकू लागली. एवढ्या लांब कशाला, असं प्रतापने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, तिथे इस्त्री बरी करतात.