सहा ते साडेसहाची लाईन

मुलीने पुण्याला जायच्या आधी एक अट घातली होती. रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलणं झालं पाहिजे, नाही झालं तर मी परत येणार. हे तिने कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. घरात आम्ही हातांनी बोलतो, पण पक्क्या करायच्या गोष्टी ती लिहून घेते. ही सवय तिला माझ्यामुळेच लागली असावी.

दहावीनंतर दोन वर्षं ती नगर जिल्ह्यातल्या अकोल्यात, घरी बसून होती. सकाळी भांडी, दुपारी झोप, संध्याकाळी पायरीवर बसून रस्त्याकडे बघणं. मग पुण्यात तिच्यासारख्या मुलांसाठी कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायला शिकवणारा वर्ग असल्याचं कळलं. वसतिगृहही होतं. जागा मोजक्या, आणि मध्ये सोडून गेलं की परत प्रवेश नाही. तिला तयार करायला मला पूर्ण उन्हाळा लागला. म्हणून त्या अटीवर मी लगेच सही केली. खरोखरच सही केली, तारीख घालून.

फोन तिच्या काही उपयोगाचा नव्हता. पत्राला चार दिवस लागत. राहिलं इंटरनेट. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं, तालुक्यात इंटरनेट असलेली घरं हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. माझे यजमान सुप्याच्या एका कारखान्यात होते. तिथेच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला घरी यायचे. कारखान्याने जुने कॉम्प्युटर काढून टाकले त्यातला एक त्यांनी आणला. मॉडेम पुण्याहून आणला. फोनची तार भिंतीतून निघून मॉडेममध्ये जायची, मॉडेम नगरचा नंबर फिरवायचा, पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज करायचा, आणि हिरवा दिवा स्थिर झाला की लागलं. पलीकडे मुलगी वसतिगृहाजवळच्या सायबर कॅफेत बसलेली असायची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. "jevlis ka" असं मी विचारायचे, आणि तिचं "ho" यायला मिनिटभर लागायचं. वेळ ठरलेली, सहा ते साडेसहा. त्यानंतर कॅफेवाला तिला उठवायचा.

पहिल्याच आठवड्यात लाईन तुटायला लागली.

कधी सहाला लागून वीस मिनिटांनी तुटायची. कधी लागायचीच नाही. डायल टोन नाही अशी पाटी पडद्यावर यायची. उचलून ऐकावं तर फोन मेलेला. साडेसहा वाजून गेल्यावर उचलावा तर सुरळीत. मी तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळते. दिवसभर कुठला कागद कुठून आला आणि कुठे गेला ते लिहिण्यात माझा हात झिजलेला. तेव्हा इथेही तेच केलं. एक वही सुरू केली. किती वाजता लागली, किती वाजता तुटली, हवा कशी होती, वीज कशी होती. शेजारी तपासायच्या गोष्टींची यादी: मॉडेम, मॉडेमची वायर, भिंतीतली पेटी, गच्चीवरचा जोड, जांभळाच्या फांदीला घासणारी बाहेरची तार, एक्स्चेंज. एकेक तपासायचं आणि फुली मारायची.

यजमान सुप्याहून फोनवर सांगायचे, "मॉडेमचा ड्रायव्हर परत टाक."

"टाकला."

"मग काढून परत टाक."

"तुम्ही येऊन टाका ना एकदा."

"रविवारी बघू," असं म्हणून ते फोन ठेवायचे. रविवारी ते आले की झोपायचे, आणि त्यांचंही चुकत नव्हतं.

मी वायर बदलली. पेटी बदलली. कचेरीतल्या शिपायाला घेऊन जांभळाची फांदी तोडली. कचेरीतून पावणेसहाला घरी पोचायचं, पर्स खुर्चीवर टाकायची आणि तशीच कॉम्प्युटरपुढे बसायची. चहा साडेसहानंतर. पडद्यावर मुलीचं अर्धं वाक्य यायचं, "aaj sir mhanale ki", आणि हिरवा दिवा विझायचा. सर काय म्हणाले ते मला चार दिवसांनी पत्रातून कळायचं, किंवा कळायचंच नाही. राग येण्याइतकीही ताकद उरलेली नसायची. वहीत वेळ लिहायची आणि परत नंबर फिरवायचा.

लाईनमन तीनदा आला. तिन्ही वेळा सकाळी.

"म्याडम, लाईन ठणठणीत हाय. ऐका की, घंटेवानी टोन हाय."

"सकाळी असतो. सहाला नसतो."

"सहाला माझी ड्यूटी संपती."

"मग एक दिवस साडेपाचला या आणि इथे बसा. चहा देते."

"चहासंगं काय?"

"भजी."

भज्यांवर तो आला. बरोबर सहाला मी नंबर फिरवला, लाईन लागली आणि साडेसहापर्यंत हलली नाही. मुलीने त्या दिवशी पानभर लिहिलं. लाईनमनने बोटं पुसली आणि म्हणाला, "बगा, मी नुसता बसलो तरी चालती. मलाच ठिवून घ्या घरात." दुसऱ्या दिवशी सहा वाजून बारा मिनिटांनी लाईन तुटली.

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा माझ्या यादीत नव्हती. आमच्या फोनला एक फाटा होता. शेजारी एक मावशी राहायच्या. मुलगा राजूरच्या रस्त्याला जीप चालवायचा, मुलगी लग्न होऊन कल्याणला. त्यांच्याकडे फोन नव्हता. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांनी आमचाच नंबर दिलेला, पुढे पी.पी. असं लिहून. कल्याणहून फोन आला की मी भिंतीवरून हाक मारायची, मावशी ओल्या हातांनी धावत यायच्या, तोवर फोन कट. वर्षभर ते केल्यावर मी एक जुनं यंत्र मिळवलं, आमच्या पेटीतून तार काढून भिंतीवरून त्यांच्या घरात नेली आणि धावपळ मिटवली. हे अर्थातच नियमात बसत नव्हतं. म्हणून लाईनमन यायचा असला की मी आधी पेटी उघडून ती तार सोडवून ठेवायची आणि तो गेला की परत जोडायची. यादीतही ती लिहिली नाही. लेखी कशात यायला नको, हा कचेरीतला हिशेब.

मावशींना मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "मावशी, सहा ते साडेसहा पोरीशी बोलणं असतं. त्या वेळात तुम्ही फोन लावत नाही ना? आणि मध्ये कुणाचा फोन यायला नको बघा, नाहीतर सगळं तुटतं."

"न्हाई वो बाई. पोरीच्या बोलन्याला आडवं कोन यील? माझ्या लेकीलाबी सांगती, त्या टायमाला करू नगं म्हून."

म्हणजे तो प्रश्न माझ्यापुरता मिटला होता.

वहीतून मात्र एक गोष्ट दिसायला लागली. पाऊस ओसरला होता, दिवस लहान होत होते, आणि लाईन तुटायची वेळ हळूहळू अलीकडे सरकत होती. आधी सहा वीस, मग सहा बारा, मग सहा पाच. मी त्याचं कारणही शोधलं: दव. लवकर अंधारतंय, लवकर दव पडतंय, कुठल्यातरी जोडात ओल जातेय. मी गच्चीवरच्या जोडाला प्लॅस्टिक बांधलं, मेण ओतलं, वर पुन्हा प्लॅस्टिक बांधलं. पन्नाशीला आलेली बाई संध्याकाळी गच्चीवर मेणबत्ती घेऊन वाकलेली बघून समोरच्यांनी काय विचार केला असेल तो असो. लाईन तुटतच राहिली.

मग मुलीचं पत्र आलं. तिची पत्रं नेहमीच तुटक असतात, हे त्याहून तुटक होतं. "मी बसते. तू येत नाहीस. मागे लोक उभे राहतात. हसतात. सही केली होती. शनिवारी ट्रंक घेऊन येते."

पत्र शुक्रवारी हातात पडलं. वसतिगृहात फोन करून तिला काय सांगणार? निरोप कुणीतरी कागदावर लिहून देईल, आणि दुसऱ्याच्या अक्षरातल्या निरोपावर ती विश्वास ठेवत नाही.

शनिवारी दुपारी ती संगमनेरच्या गाडीने उतरली. ट्रंक ओसरीवर ठेवली, उघडली नाही. जेवली. माझ्याकडे बघितलं नाही. आणि जो माणूस डोळ्यांनीच ऐकतो त्याने बघितलंच नाही तर त्याला काहीच सांगता येत नाही. मी वही उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने ती बाजूला सरकवली.

सहाला मी तिला दंडाला धरून कॉम्प्युटरपुढे बसवलं. बघ, म्हटलं, काय होतं ते तूच बघ. लाईन लागली. तिने हात पसरले: चालतंय की! मी म्हटलं, थांब. चार मिनिटांनी दिवा विझला. मी परत नंबर फिरवला. डायल टोन नाही. पुन्हा फिरवला. नाही. माझं चौथ्यांदा चाललं असताना ती कंटाळून उठली आणि मावशींसाठी आणलेला चिवड्याचा पुडा घेऊन शेजारी गेली.

दोन मिनिटांत परत आली ती धावतच. माझं मनगट धरून तिने मला ओढत मावशींच्या घरात नेलं.

मावशींनी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. शेजारच्या स्टुलावर फोन होता. रिसिव्हर खाली काढून, घडी घातलेल्या टॉवेलवर, तान्हं मूल निजवावं तसा आडवा ठेवलेला. मावशी जवळच लसूण सोलत बसल्या होत्या.

"बाई! तुमी या टायमाला हितं कशा? हां, पोरगीच घरला आली म्हून व्हय. मंग ठिवू का आता जाग्यावर?"

"मावशी, हा असा कधीपासून काढून ठेवताय?"

"पयल्या दिसापासनं. तुमीच म्हनला ना, त्या टायमात कुनाचा फोन यायला नगं. माझ्या लेकीला सांगितलं, पन बाकीच्यांचं काय? तुमच्या कचेरीतलं कोनबी करतं. मागं ल्योकानं ह्यो असाच बाजूला ठिवला हुता, तर दिसभर फोन न्हाई आला. तवा म्हनलं हे बेस हाय. दिवा लावला की पयलं ह्यो काढून ठिवती. घड्याळ काय मला कळत न्हाई, मंग तुमच्या खिडकीतला कॉम्पूटर बंद झाला की परत जाग्यावर." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "एक दिस चुकली न्हाई. बाजारच्या दिवशी तेवढं ऱ्हातं, तवा मी राजूरला भैनीकडं असती."

बाजारच्या दिवशी लाईन चालायची. वहीत होतं ते, दर आठवड्याला. मी त्या दिवशी आमच्या रस्त्यावरची वीज व्यवस्थित असते असा काहीतरी अर्थ लावला होता.

मी दारातच खाली बसले. मुलगी खांद्याला हलवून विचारत होती, काय म्हणतात, काय म्हणतात. मी सांगितलं. सगळं सांगितलं; मावशींनी काय केलं ते, आणि लाईनमन आला की मी ती तार काढून ठेवायची तेही. भजी खाऊन तो बसला होता तेव्हा लाईन का चालली, हे सांगतानाच मला कळत होतं. तार मी लपवायला काढत होते. काढलीच आहे तर दोन दिवस तशीच ठेवून बघू, हे एकदाही मनात आलं नाही.

मावशी आमच्या हातांकडे बघत होत्या. "माझ्यामुळं काय नुसकान झालं का पोरीचं?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्यामुळे झालं."

मुलीने रिसिव्हर उचलून जागेवर ठेवला. चिवड्याचा पुडा मावशींच्या हातात दिला. तिला हसू येत होतं, पण ती हसली नाही, कारण ट्रंक अजून ओसरीवर होती आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

रात्री जेवताना तिने विचारलं, "रोज बसायचीस?"

"रोज."

"कचेरीतून येऊन?"

"हो."

"तुटल्यावर?"

"परत लावायची. साडेसहापर्यंत."

 रविवारी मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक साधं बटण आणून मावशींच्या तारेत टाकलं. आमच्या बाजूने बंद केलं की त्यांचं यंत्र सुटं. दहा मिनिटांचं काम होतं. यजमानांनी खुर्चीत बसून ते बघितलं आणि म्हणाले, "हे आधी का नाही केलंस?"

सोमवारी पहाटेच्या गाडीला मी तिची ट्रंक उचलून दिली. ती उघडलीच नव्हती. परत जाते असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. अट कायम आहे का, एवढं विचारावंसं वाटलं होतं, पण गाडी सुटली.

संध्याकाळी पावणेसहाला घरी आले, बटण बंद केलं, नंबर फिरवला. लागली. मुलगी पलीकडे होती. तिची बादली खोलीतल्या दुसऱ्या मुलीने घेतली आणि परत दिली नाही. मेसमध्ये वांगं. सरांनी तिने लावलेलं पान भिंतीवर टाचलं. एवढं लिहून झाल्यावर, सहा वाजून अकरा मिनिटांनी, तिने लिहिलं, "bas aata, maitrin thambliye", आणि निघून गेली.

दिवा हिरवाच होता. लाईन चालू, पलीकडे कुणी नाही. मी लाईन तोडली, बटण चालू केलं आणि चहा ठेवायला उठले.